पडद्यावर चित्र उमटेपर्यंत

नाशिक शहरात लिनक्स प्रथम आले ते मासिकाच्या पाकिटातून. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून एखादी मोठी फाईल उतरवून घेणे हा रात्र खाणारा आणि खिसा रिकामा करणारा उद्योग होता, त्या काळी ‘पीसी क्वेस्ट’सारख्या संगणकविषयक मासिकांनी आपल्या अंकांसोबत लिनक्सच्या सीडी देण्यास आरंभ केला, आणि या सीडी ज्याने अंक विकत घेतला त्याच्यापाशी फार दिवस न राहता वसतिगृहांतून, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीस असलेल्या अभियंत्यांच्या घरांतून हातोहात फिरू लागल्या. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली आणि पुढल्याच वर्षी सर्वांस वाचण्या-बदलण्या-वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली आणलेली ही प्रणाली अशा रीतीने, कोणत्याही सरकारी योजनेच्या किंवा कंपनीच्या आश्रयावाचून, गोदावरीच्या काठी येऊन पोहोचली. तिच्या त्या आगमनाची हकिकत लिहिताना मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते एकच प्रकरण, आणि ते म्हणजे पडद्यावर चित्र उमटवण्याचे.

कारण प्रणाली बसवणे हे काम नवख्यालाही साधत असे. हार्ड डिस्कचे भाग पाडावेत, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत, पॅकेजे उतरताना पाहत बसावे आणि अखेरीस संगणक पुन्हा सुरू करावा, इतके झाले की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि संकेतशब्द विचारणारी ओळ येई. पण जिच्या ओढीने हा सारा खटाटोप केलेला असे ती चित्रमय खिडक्यांची सृष्टी त्या ओळीच्या पलीकडे होती, आणि तिच्या दाराशी ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उभा होता. पडद्यावर जे दिसते ते आधी ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत रेखाटले जाते आणि तेथून सेकंदास साठ-सत्तर वेळा पडद्याकडे धाडले जाते. मात्र त्या कार्डावरील चिपला कोणत्या नोंदस्थानात (रजिस्टरमध्ये) कोणता आकडा टाकला म्हणजे ती काय करते, हे ती घडवणारी कंपनीच जाणते. पेशव्यांच्या वतीने परदरबारी राहणाऱ्या वकिलास जशी दोन्हीकडची भाषा, रिवाज आणि मर्जी ठाऊक असावी लागे, तसा प्रणाली आणि चिप यांच्यामध्ये राहणारा हा ड्रायव्हर. वकीलच नसेल तर दोन्ही दरबार शाबूत असूनही व्यवहार ठप्प.

नाशकातले बहुतेक घरगुती संगणक त्या काळी असेंबल्ड असत. दुकानदार मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पेटी एकत्र जोडून देई, विंडोज टाकून देई, आणि मदरबोर्डाच्या खोक्यातली ड्रायव्हरची सीडी गिऱ्हाइकाच्या हाती ठेवून ती जपून ठेवण्याची ताकीद देई. परंतु त्या सीडीवरचा सारा ऐवज बहुधा विंडोजपुरताच असे आणि लिनक्स टाकणाऱ्यास तिचा काडीचाही उपयोग नसे. त्याला आपल्या यंत्रात नेमकी कोणती चिप आहे हे प्रथम स्वतःच शोधून काढावे लागे, आणि स्वतंत्र कार्ड घेण्याची ऐपत थोड्यांचीच असल्याने ती बहुधा मदरबोर्डावरच जडवलेली इंटेल, सिस किंवा व्हिया यांपैकी एखादी निघे. इंटेलची ८१० ही १९९९ सालची चिप संगणकाच्याच रॅममधून वाटा उचलून काम भागवीत असे आणि त्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आणखी एक मॉड्यूल चढवावे लागे, हे ज्ञान पुण्या-मुंबईच्या जाणकारांकडून नाशकापर्यंत येण्यास अवधी लागला. सिसच्या स्वस्त चिपांचे तर असे, की त्यांच्या लिनक्सवरील ड्रायव्हरचा बहुतेक भार व्हिएन्नाच्या थॉमस विनिशहोफर या एकट्या गृहस्थाने वर्षानुवर्षे वाहिला. मराठी मुलुखातल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत चित्र दिसले ते त्या परक्या माणसाच्या परिश्रमामुळे, आणि त्याचे नाव मात्र त्या घरांतून क्वचितच कोणाच्या कानावर गेले असेल.

चित्राची ही व्यवस्था लिनक्सहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८४ साली ‘एक्स’ नावाची खिडक्यांची प्रणाली जन्मास आली, १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि तीच पुढे रूढ झाली. घरगुती संगणकांवर तिला आणण्याचे कार्य १९९२ पासून ‘एक्सफ्री८६’ या स्वयंसेवकांच्या मंडळाने अंगावर घेतले. या मंडळाच्या प्रणालीस एक दस्तऐवज लागे, तो भरण्याची रीत आजच्या विद्यार्थ्यास सांगितली तर ती खरी वाटणार नाही. कार्डाची चिप कोणती, तिच्यापाशी स्मृती किती, येथवर ठीक होते. पण मॉनिटरची आडवी वारंवारता किती किलोहर्ट्झ आणि उभी किती हर्ट्झ, हेही आकड्यांत लिहून द्यावे लागे. त्यासाठी तो जड, काचेच्या नळीचा मॉनिटर भिंतीपासून पुढे ओढून त्याच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायची, तेथे काही न सापडल्यास खोक्यातली पुस्तिका शोधायची, आणि तीही हरवलेली असल्यास आडवीसाठी ३१.५ ते ४८.५, उभीसाठी ५० ते ७० असे चौदा इंची मॉनिटरला सोसणारे सावध आकडे घालायचे. आकडा प्रमाणाबाहेर गेल्यास मॉनिटर कायमचा बिघडू शकतो, असा इशारा त्या काळच्या मार्गदर्शक कागदपत्रांत स्पष्ट शब्दांत दिलेला असे. आणि ज्या घरात तो मॉनिटर वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतून किंवा पतपेढीच्या कर्जातून आलेला असे, तेथे तो इशारा वाचणाऱ्या मुलाच्या बोटांना कंप सुटला असेल तर त्यात नवल नाही.

मग ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा द्यायची. मॉनिटरच्या पोटात टक् असा आवाज होई, पडदा क्षणभर पूर्ण काळा पडे, आणि त्यानंतर दोहोंपैकी एक गोष्ट घडे. आकडे जुळले असतील तर बारीक राखाडी ठिपक्यांची वीण असलेली पार्श्वभूमी उमटे आणि तिच्या मधोमध फुलीच्या आकाराचा काळा बाण उभा राही. जुळले नसतील तर तिरक्या रेषांचा गोंधळ पडद्यावरून धावत सुटे, आणि कंट्रोल, आल्ट व बॅकस्पेस या तीन कळा एकदम दाबून घाईघाईने माघार घ्यावी लागे. ती राखाडी वीण काही दिसायला सुंदर नव्हती, तथापि तिच्या दर्शनाने झालेला आनंद ज्यांनी अनुभवला त्यांच्या बोलण्यात तो अजूनही डोकावतो. रेड हॅटसारख्या लिनक्सच्या वितरणांनी पुढे चिप आपोआप ओळखणारी साधने दिली, आणि २००० साली एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर ‘व्हेसा’ हा सर्वसामान्य ड्रायव्हर आल्यावर, चिपची ओळख पटली नाही तरी संथ का होईना, चित्र दिसण्याची सोय झाली.

पडद्यावरच्या चित्राची किल्ली दुसऱ्याच्या हाती असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने याच्याही आधी एका निराळ्या मार्गाने पाहिले होते. कानपूरच्या आयआयटीत आरंभ झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान हे मुळात संगणकाच्या खाचेत बसवण्याचे एक कार्डच होते. ते बसवले म्हणजे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही देवनागरी जोडाक्षरे पडद्यावर यथास्थित उमटत. सरकारी कचेऱ्यांतून मराठी संगणकावर आणण्यात या कार्डाचा वाटा फार मोठा आहे आणि त्यामागची प्रतिभा निःसंशय अव्वल दर्जाची होती. मात्र कार्ड काढले की अक्षरेही गेली, ही त्या व्यवस्थेची मर्यादा होती. आणि पुढे विंडोजच्या काळात प्रत्येक विक्रेत्याच्या फाँटाने आपापली स्वतंत्र मांडणी रूढ केली तेव्हा एका कचेरीतला मराठी मजकूर दुसऱ्या कचेरीत निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडू लागला. जुळवून घेण्याचा भार नेहमीप्रमाणे वापरणाऱ्याच्याच माथी आला.

लिनक्सच्या बाबतीत मराठी माणसास चित्रमय पडद्याची निकड याच कारणाने इतरांहून अधिक होती. काळ्या पडद्यावरच्या त्या साध्या अक्षरव्यवस्थेत ‘क्ष’ किंवा ‘र्त्र’ उमटवण्याची तजवीजच नव्हती; एक्स चालू झाले, ड्रायव्हर जागेवर बसला, तरच देवनागरीची आशा. इंग्रजी वाचणाऱ्यास काळ्या पडद्यावर निदान काम तरी करता येई, मराठी लिहू पाहणाऱ्यास तेही नाही. मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी या संस्थेने ‘इंडिक्स’ नावाने एक्समध्येच भारतीय लिप्यांची व्यवस्था घालण्याचा प्रयत्न केला, तेथेच अक्षरकार र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा देवनागरी फाँट घडवला, ‘इंडलिनक्स’ या गटाने पडद्यावरच्या मेनूंची भाषांतरे हाती घेतली, आणि व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी मराठीचे काम नेटाने पुढे नेले. आज नाशकातला एखादा विद्यार्थी लिनक्स मराठीतून चालवतो त्यामागे या कामाची पुण्याई आहे. या कार्यकर्त्यांचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. चिप घडवणारा आपल्या चिपची भाषा सांगत का नाही? स्पर्धकास आपल्या रचनेचा सुगावा लागू नये, पेटंटाचे दावे ओढवू नयेत, दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेली आज्ञावली उघड करण्याचा आपल्यास अधिकार नाही, अशी कारणे कंपन्या देत आल्या आहेत आणि ती सर्वस्वी खोटी नाहीत. नाशिककरांस गुप्ततेचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. नाशिकरोडला १९२५ साली सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ साली नोटांचा छापखाना उभा राहिला तेव्हापासून या शहरातील कित्येक कुटुंबांची उपजीविका गुपित राखण्याच्या शिस्तीवर चालली आहे. पण नोटेचे गुपित राखले जाते ते ज्याच्या खिशात नोट आहे त्याच्या हितासाठी. माझ्या दामाने घेतलेल्या कार्डाची भाषा माझ्यापासूनच लपवून ठेवण्यात हित कोणाचे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. मुक्त आज्ञावलीची सारी चळवळ अशाच एका नकारातून उठली, हेही या ठिकाणी नमूद केले पाहिजे: एमआयटीच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर मिळाला, तो कागद अडकून थांबे, तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी कागद अडकल्याची सूचना मिळण्याची सोय करण्यासाठी त्याच्या ड्रायव्हरचा मूळ मजकूर मागितला, आणि ज्याच्यापाशी तो होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवले. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली तिच्या मुळाशी हा प्रसंग होता.

नाशिकला तर याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये चित्रपटविद्या शिकण्यास लंडनला गेले तेव्हा सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याने या अनोळखी परदेशी माणसास आपल्या चित्रशाळेचे सगळे विभाग दाखवले. कोणतेही दालन त्यांना बंद नव्हते. तेथून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र घेऊन फाळके परतले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर १९१३ सालीच आपला कारखाना नाशकास हलवून ‘मोहिनी भस्मासुर’ व पुढील चित्रपट त्यांनी येथे काढले. यंत्र विकत मिळत होते हे खरे. परंतु त्याचे मर्म कोणी हातचे न राखता दाखवले, म्हणूनच नाशकात चित्रे हलू लागली.

ग्राफिक्स चिपांच्या जगात मात्र रीत निराळी होती. एन्व्हिडिया या चिप घडवणाऱ्या कंपनीने २००० सालापासून लिनक्ससाठी आपला ड्रायव्हर देण्यास सुरुवात केली, तो बंद पेटीसारखा. चालवा, पण आत पाहू नका. खेळांचा शौक असलेल्या मुलांच्या घरी तिची जीफोर्स कार्डे येऊ लागली तसा हा ड्रायव्हर बसवण्याचा विधीही नाशकात रूढ झाला. चित्रमय पडदा बंद करून काळ्या पडद्यावर यायचे, कर्नलच्या नेमक्या त्याच आवृत्तीचा मजकूर आणि सी भाषेचा कंपायलर हाताशी ठेवायचा, ड्रायव्हरची फाईल चालवायची, शेवटी एक्सच्या दस्तऐवजात ‘एनव्ही’ या आधीच्या ड्रायव्हरच्या जागी ‘एन्व्हिडिया’ लिहायचे. घरात संगणक एकच आणि तोच काळा पडणार, म्हणून नवखा मुलगा आज्ञांची यादी आधी दोनशे पानी वहीत शाईने उतरवून घेई. रिकामी जागा कोठे सोडायची ते दाखवण्यासाठी शब्दांमध्ये छोटी फुली करी, मोठ्या लिपीतल्या अक्षरांखाली रेघ ओढी, आणि मग वही मांडीवर घेऊन कामास बसे. हे साधल्यावर चित्र वेगाने हलू लागे. पण पुढे कर्नलची नवी आवृत्ती आली की तो ड्रायव्हर जुन्याच कर्नलशी बांधलेला राही, संगणक पुन्हा काळ्या पडद्यावर येऊन थांबे, आणि वही पुन्हा बाहेर निघे. सारे सुरळीत चालत असताना काल केलेल्या अपडेटने आज पडदा जावा, याचा उलगडा कोणी न केल्यामुळे कित्येकांनी दोष स्वतःस दिला, फॉरमॅट मारला आणि लिनक्सचा नाद सोडला. दोष त्यांचा नव्हता. कर्नल उघडा, ड्रायव्हर बंद, आणि दोहोंत अधिकृत तह कधीच झालेला नाही, या परिस्थितीचा तो परिणाम होता.

२००५ साली बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले आणि मासिकाच्या पाकिटावरचे अवलंबित्व सरले. लोकप्रिय योजनांत रात्री दोन ते सकाळी आठपर्यंतचा वापर हिशेबात धरला जात नसे, त्यामुळे लिनक्स उतरवण्याचा मुहूर्त रात्री दोनचा ठरून गेला; उन्हाळ्यात भारनियमनाने मध्येच घाला घातला नाही तर पहाटेपर्यंत एक सीडी पदरात पडे. त्याच सुमारास उबुंटू या लिनक्स वितरणाच्या सीडी मागेल त्याला टपालाने फुकट घरपोच मिळू लागल्या, त्या २०११ पर्यंत. नाशकात १९८४ पासून चालत आलेल्या क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांना पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम लागू असे, आणि त्यात प्रयोगशाळेच्या सामग्रीत मुक्तस्रोत लिनक्सला मानाचे पान मिळत गेल्याने ही प्रणाली हौशीचा विषय न राहता परीक्षेचा विषय झाली. उबुंटूच्या एप्रिल २००७ च्या आवृत्तीत बंद ड्रायव्हर शोधून बसवणारी खिडकी आली. दोन-चार क्लिकांत काम होऊ लागले. वह्या कपाटात गेल्या.

त्याच काळात दूरवर एक विलक्षण उद्योग चालू होता. स्टेफान मार्शेसाँ यांनी एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी २००५ च्या सुमारास आरंभिलेल्या ‘नूवो’ प्रकल्पात, कंपनीने भाषा सांगितली नाही तर चिपकडूनच ती काढून घ्यावी, असा निर्धार झाला. त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला: बंद ड्रायव्हर चालू असताना एखादी आकृती काढायची, आकृतीच्या आधी आणि नंतर कार्डाच्या नोंदस्थानांतले आकडे टिपायचे, आणि फरकावरून अर्थ लावायचा. निरनिराळ्या देशांतल्या सामान्य कार्डधारकांनी हा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवून आकडे पाठवले आणि त्यांच्या राशीतून, अज्ञात लिपीचा शिलालेख वाचणाऱ्या पंडिताच्या चिकाटीने, ड्रायव्हर उभा राहिला. फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नलच्या २.६.३३ या आवृत्तीत त्यास स्थान मिळाले. चिपची भाषा जाणण्याचा हक्क वापरणाऱ्यांनी स्वकष्टाने वसूल केला असा हा प्रसंग आहे, आणि या साऱ्या इतिहासात मला तो सर्वांत अभिमानास्पद वाटतो. एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतल्यावर पुढल्याच वर्षी आपल्या चिपांची कागदपत्रे प्रसिद्ध करण्यास सुरुवात करून निराळा, अधिक सरळ मार्ग दाखवला होताच. एन्व्हिडियाच्या अडवणुकीवर टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत जो संताप प्रकट केला तो जगभर गाजला. पुढे दहा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, त्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग मुक्त परवान्याखाली उघडा केला.

तरी हा उघडेपणा पुरता नाही. तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांतील चिपांपुरता आहे, कर्नलबाहेरचा मोठा भाग अद्याप बंद आहे, आणि चिपच्या आतली आज्ञावली कंपनीच्या सहीखेरीज चालत नाही. आजचा नवखा विद्यार्थी नवा लॅपटॉप घेऊन उबुंटू टाकतो तेव्हा इंटेल किंवा एएमडीची चिप असल्यास त्याला ड्रायव्हर या शब्दाची गाठही पडत नाही. एन्व्हिडियाची असल्यास, संगणक सुरू होताना सही तपासणाऱ्या सिक्युअर बूटमुळे एक निळा पडदा मध्येच उभा राहतो आणि आपणच ठरवलेला संकेतशब्द पुन्हा घालून ड्रायव्हरच्या मॉड्यूलच्या किल्लीस मान्यता देण्यास सांगतो. घाबरून तेथे ‘पुढे चला’ हा पर्याय निवडला तर ड्रायव्हर बसूनही चालू होत नाही. ‘एनरोल एमओके’ निवडून तो संकेतशब्द दिला की काम फत्ते होते.

जुन्या यंत्रांची गोष्ट वेगळी. २००६ च्या अखेरीस आलेल्या जीफोर्स ८ मालिकेतील कार्डांसाठी एन्व्हिडियाच्या बंद ड्रायव्हरची जी शाखा चालू होती तिची देखभाल २०१९ अखेर थांबली, आणि त्यानंतरच्या कर्नलांशी ती आपणहून जुळत नाही. अशी कार्डे असलेले संगणक शिकवणीवर्गांतून, सायबर कॅफे बंद झाल्यावर विकल्या गेलेल्या सामानातून आणि घरोघरच्या माळ्यांवरून अजून निघतात. त्यांतील एखाद्यावर लिनक्स टाकायचे झाले तर आता काही शोधावे लागत नाही, वहीत उतरवून घ्यावे लागत नाही. नूवो कर्नलबरोबरच येतो आणि नव्या कर्नलावरही त्या कार्डास चालवतो.